पंचवीस मिनिटांचा बर्फ

सणाला सगळ्यांनी खूश असायलाच पाहिजे, हा नियम कोणी केला? साठ वर्षांपूर्वीची अमेरिकन ख्रिसमस कार्टून्स हा नियम बिनधास्त मोडतात. म्हणूनच असेल, थकल्याभागल्या डिसेंबरात ती इतकी जवळची वाटतात!

बर्फ पडलाय. दोन मुलं चालत चालत एका बुटक्या भिंतीपाशी येऊन थांबतात. त्यातला गोल डोक्याचा, नावापुरते केस असलेला मुलगा मित्राला सांगतो, की ख्रिसमस आलाय खरा, गिफ्ट्स मिळतात, कार्डं पाठवतात, झाडं सजवतात, ते सगळं आवडतंही... पण आत कुठेतरी आनंदच होत नाहीये. माझ्यातच काहीतरी गडबड असावी.

लहान मुलांच्या कार्टूनची ही सुरुवात आहे, बरं का! मुलाचं नाव चार्ली ब्राऊन. तारीख ९ डिसेंबर १९६५, चॅनेल सीबीएस. त्या रात्री अमेरिकेत चालू असलेल्या टीव्हींपैकी जवळजवळ निम्म्या टीव्हींवर हा रडवेला पोरगा दिसत होता. आणि त्यानंतर तो दर डिसेंबरला येतच राहिला.

आता जरा आपला डिसेंबर आठवा. एचआरची मेल आलेली असते, शुक्रवारी लाल किंवा पांढरं घालून या. सीक्रेट सँटाचं बजेट तीनशे रुपये, तुमच्या चिठ्ठीत नेमकं त्या माणसाचं नाव ज्याच्याशी तुम्ही वर्षभरात दोनदा बोललात. इयर-एंड रिलीज डोक्यावर. आणि त्यात कोणीतरी कापसाची दाढी लावून तुमच्या डेस्कपाशी येतं आणि म्हणतं, "स्माईल!" दिवाळीला हेच रांगोळी स्पर्धा आणि ट्रॅडिशनल डेच्या रूपात होऊन गेलेलं असतं. सण म्हटला की चेहऱ्यावर स्मायली कम्पल्सरी. मूड नसेल तर तुम्ही 'टीम प्लेअर' नाही!

अशा वेळी कुणीतरी पडद्यावर येऊन 'मला नाही बुवा आनंद होत' असं सरळ म्हणून टाकलं, की कसं हायसं वाटतं. या जुन्या 'हॉलिडे स्पेशल्स'ची सगळी गंमत मला इथे सापडते.

वर्षातून एकदाच, चुकलं तर चुकलं

'स्पेशल' म्हणजे नक्की काय, ते आधी सांगते. रोजच्या मालिका एका रात्रीपुरत्या बाजूला ठेवून चॅनेलने दाखवलेला एक सुटा कार्यक्रम. साधारण पंचवीस मिनिटांचा, जाहिराती धरून अर्धा तास. काही तासाभराचेही. अमेरिकेत १९६४ ते १९७० या काळात अशा अ‍ॅनिमेशन स्पेशल्सचं जणू पीकच आलं. १९६४ ला लाल नाकाचं रेनडिअर रुडॉल्फ, १९६५ ला चार्ली ब्राऊन, १९६६ ला ख्रिसमस चोरणारा हिरवा ग्रिंच, १९६९ ला फ्रॉस्टी नावाचा बर्फाचा माणूस.

घराघरात व्हिडिओ यायचा होता. रेकॉर्ड करून ठेवायची सोय नाही, उद्या बघू म्हणायची सोय नाही. त्या संध्याकाळी त्या वेळेला टीव्हीसमोर नसलात तर थेट पुढच्या वर्षी. त्यामुळे मुलं आंघोळी उरकून, नाइट ड्रेस चढवून, सतरंजीवर जागा धरून बसायची. (आपल्याकडे रविवारी सकाळी 'रामायण' लागायच्या वेळी जो माहोल असायचा, त्याची ही छोटी, बर्फातली आवृत्ती म्हणा.) ती मुलं मोठी झाली, त्यांनी आपल्या मुलांना बसवलं, आता नातवंडं बसतात. कार्टून तेच. एक फ्रेमही बदललेली चालत नाही कोणाला.

खिचडी आणि रेनडिअर

तुम्ही म्हणाल, हे झालं अमेरिकन लोकांचं. आपला काय संबंध?

माझाही प्रश्न तोच होता. मग न्यू जर्सीत एडिसनला राहणाऱ्या एका मैत्रिणीने मला तिची गोष्ट सांगितली. डोंबिवलीची मुलगी, ऑनसाइट गेली त्याला सहा-सात वर्षं झाली. पहिल्या वर्षी दिवाळीत रजा मिळाली नाही. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी ती क्लायंटच्या ऑफिसात टेस्टिंग करत होती. घरी जाऊन यावं तर व्हिसा स्टॅम्पिंगची धाकधूक. रूममेटची बदली झालेली. थँक्सगिव्हिंग संपलं, साडेचारलाच अंधार पडायला लागला, आणि एका संध्याकाळी घरात जरा आवाज असावा म्हणून तिने टीव्ही लावला आणि कुकरला मुगाची खिचडी.

टीव्हीवर रुडॉल्फ लागला होता. लाकडी बाहुल्यांचा सिनेमा, जरा धक्के खात चालणाऱ्या बाहुल्या. ती म्हणते, "कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या, चार झाल्या, मी उठलेच नाही. मला रडू येत होतं आणि बरंही वाटत होतं. मी तर लहानपणी हे बघितलेलंसुद्धा नाही गं! मग मला कसली आठवण येत होती?"

प्रश्न सही आहे. जे आपण कधी जगलोच नाही त्याचा नॉस्टॅल्जिया येतो कसा?

माझं उत्तर असं, की आठवण रेनडिअरची नव्हतीच. एका घरात एक टीव्ही, एक ठरलेली वेळ, आतून येणारा फोडणीचा वास, आणि हातांनी बनवलेलं, जरासं ओबडधोबड चित्र, हे सगळं तिने बघितलेलं होतं. फक्त तिच्या टीव्हीवर मोगली होता. 'जंगल बुक'ची ती मालिका १९९३ मध्ये दूरदर्शनवर आली आणि आज तिशी ओलांडलेल्या आपल्यातल्या बहुतेकांच्या बालपणात कायमची राहायला आली. आता गंमत बघा. मूळ पुस्तक एका इंग्रज लेखकाचं, अ‍ॅनिमेशन जपानचं, डबिंग हिंदी, आणि आपण त्याला म्हणतो 'आपला' मोगली! उसन्या गोष्टी आपल्याशा करायची आपली प्रॅक्टिस जुनीच आहे.

आणि तो अस्सल अमेरिकन रुडॉल्फ? तोही टोकियोत बनलाय. त्याकडे येतेच. त्याआधी तो कागदावर कसा आला ते ऐका, कारण ती गोष्ट चक्क एका ऑफिसातली आहे.

कॉपीरायटरची डेडलाइन

शिकागो, १९३९. माँटगोमेरी वॉर्ड ही त्या काळातली कॅटलॉगमधून माल विकणारी बडी कंपनी. तिथे रॉबर्ट मे नावाचा तिशीतला कॉपीरायटर काम करत होता. काम म्हणजे कॅटलॉगमध्ये वस्तूंची वर्णनं लिहिणं. मोठी कादंबरी लिहायचं स्वप्न बघितलेला माणूस शर्टांबद्दल लिहीत होता. (ओळखीचं वाटतंय ना?) साहेबाने त्याला बोलावून सांगितलं, यंदा ख्रिसमसला गिऱ्हाइकांच्या मुलांना फुकट वाटायला आपलीच एक गोष्ट हवी. एखाद्या प्राण्याची कर.

मेच्या घरी तेव्हा काय चाललं होतं? बायको एव्हलिन कॅन्सरने अंथरुणाला खिळलेली. औषधपाण्याने कर्ज झालेलं. चार वर्षांची मुलगी. तिला शिकागोच्या लिंकन पार्कच्या प्राणिसंग्रहालयातली हरणं आवडायची, म्हणून त्याने रेनडिअर घेतलं. लहानपणी तो स्वतः अशक्त, लाजाळू. म्हणून ते रेनडिअर सगळ्यांत वेगळं, लाल नाकाचं, सगळ्यांनी हसावं असं. साहेब साशंक! लाल नाक म्हणजे दारुडा वाटेल ना? मेने कंपनीतल्या आर्टिस्टला प्राणिसंग्रहालयात नेऊन स्केचेस काढून घेतली आणि साहेबाला गप्प केलं.

जुलैमध्ये एव्हलिन गेली. साहेबाने माणुसकीने म्हटलं, राहू दे, दुसऱ्या कोणाला देतो. मेने नकार दिला. आत्ताच तर मला हे काम हवंय, असं त्याचं म्हणणं. ऑगस्टअखेरीस गोष्ट पुरी झाली, तेव्हा त्याने ती सर्वांत आधी घरी, मुलीला आणि तिच्या आजी-आजोबांना वाचून दाखवली. त्या ख्रिसमसला कंपनीने तिच्या सुमारे चोवीस लाख प्रती वाटल्या. पगाराच्या पलीकडे मेला त्यातलं काही मिळालं नाही, कारण हक्क कंपनीचे. १९४७ मध्ये कंपनीने हक्क त्याच्या नावावर करून दिले आणि कर्ज फिटायची वाट मोकळी झाली. पुढे त्याच्या मेव्हण्याने, जॉनी मार्क्सने, त्यावर गाणं केलं, ते १९४९ मध्ये जीन ऑट्रीने गायलं आणि त्या गाण्यावरून १९६४ चा स्पेशल आला.

बाहेरून बघाल तर रुडॉल्फ म्हणजे निव्वळ मार्केटिंग. दुकानाची फुकट वाटलेली पुस्तिका, आणि टीव्हीवर आला तोही जनरल इलेक्ट्रिकच्या पैशाने, त्यांची घरगुती उपकरणं खपावीत म्हणून! पण ज्या माणसाने ती लिहिली, तो त्या उन्हाळ्यात काय झेलत होता हे कळल्यावर मला त्या लाल नाकाकडे तसं बघता येत नाही.

टोकियोची बाहुली आणि हजारो मैलांवरचा सँटा

तर टोकियो. न्यूयॉर्कच्या आर्थर रँकिन आणि ज्यूल्स बास यांच्या कंपनीने गोष्ट अमेरिकेत लिहून घेतली, आवाज रेकॉर्ड केले आणि बाहुल्यांचं काम जपानला पाठवलं. आजच्या भाषेत आउटसोर्सिंग! तिथे तादाहितो मोचिनागा नावाचा बाहुलीपटांचा वस्ताद होता. त्याच्या स्टुडिओत लाकूड, तार आणि कापडाच्या बाहुल्या केल्या गेल्या. बाहुली जराशी हलवायची, फोटो घ्यायचा, पुन्हा जराशी हलवायची. पडद्यावरच्या एका सेकंदासाठी चोवीस फ्रेम. पाच वर्षांनी आलेल्या फ्रॉस्टीची चित्रंही टोकियोतच हलली, ओसामू तेझुकाने काढलेल्या मुशी प्रॉडक्शनमध्ये. म्हणजे अमेरिकेच्या तीन पिढ्या ज्या 'घरच्या' ख्रिसमससाठी हळव्या होतात, तो बऱ्यापैकी जपानी हातांनी बनलेला आहे.

शूटिंग संपल्यावर काही बाहुल्या न्यूयॉर्कला आल्या. म्युझियमवगैरे काही नाही, ऑफिसातल्या एका सेक्रेटरीच्या घरी गेल्या. दर ख्रिसमसला झाडाखाली मांडायच्या, पोरांनी खेळायच्या, मग माळ्यावर टाकायच्या. माळ्यावरच्या उन्हाळ्यांनी बाकीच्या खराब झाल्या. उरले दोघं, सँटा आणि छोटा रुडॉल्फ. सँटाची अर्धी मिशी गेलेली, रुडॉल्फचं नाकच गायब! दुरुस्त करून २०२० च्या नोव्हेंबरात लिलाव झाला तेव्हा या जोडीला ३ लाख ६८ हजार डॉलर मिळाले.

या स्पेशलमधली माझी आवडती जागा म्हणजे 'बिनकामाच्या खेळण्यांचं बेट'. कोणालाच नको असलेली खेळणी तिथे राहतात. चौकोनी चाकांची आगगाडी, ठिपके असलेला हत्ती, पोहणारा पक्षी. गोष्टीत सँटा त्यांना न्यायचं कबूल करतो. पण १९६४ मध्ये पहिल्यांदा दाखवलं तेव्हा तो त्यांना न्यायला आलेला दिसलाच नाही. प्रेक्षकांची पत्रांवर पत्रं! त्या खेळण्यांचं काय झालं? शेवटी १९६५ साठी नवीन शेवट तयार करावा लागला. सँटा बेटावर उतरतो, सगळ्यांना गाडीत घालतो आणि घरोघरी सोडतो. एका गालिच्यावर बसलेल्या पोरांनी पत्रं लिहून शेवट बदलून घेतला, याचं मला आजही कौतुक वाटतं.

त्या बेटावर एक बाहुली आहे. बाकी प्रत्येकात काहीतरी दोष दिसतो, तिच्यात काहीच दिसत नाही. छान केस, छान फ्रॉक. मग ही इथे का? वर्षानुवर्षं लोक विचारत राहिले. कितीतरी उशिरा, २००७ च्या सुमारास, निर्माते रँकिन यांच्याकडून खुलासा आला, की तिचा प्रॉब्लेम मनाचा आहे. टाकून दिल्यामुळे ती खचलेली आहे. एडिसनच्या मैत्रिणीला हे सांगितलं तर ती फोनवर थोडा वेळ काही बोललीच नाही. मग म्हणाली, "वरून सगळं ओके दिसणारी. कळलं."

रुडॉल्फवर एक टीका मात्र मला पटते. त्याला कळपात घेतात कधी? धुकं पडतं, सँटाची गाडी अडते आणि त्याच्या नाकाचा दिवा उपयोगी पडतो तेव्हा! तोवर स्वतः सँटाही त्याच्याशी तिरसटपणेच वागतो. म्हणजे अप्रेझलमध्ये रेटिंग चांगलं आलं, की मग लंचला बोलावणार. वेगळा आहेस ना, मग कामाचा हो. ऑफिसात हाच फंडा पाचही दिवस ऐकल्यावर वीकेंडला पुन्हा कशाला?

चार्ली ब्राऊनचं काडीपैलवान झाड

म्हणून माझं मत चार्ली ब्राऊनला. तिथे कोणी उपयोगी ठरत नाही.

हा स्पेशलसुद्धा डेडलाइनचंच अपत्य. १९६५ च्या उन्हाळ्यात कोकाकोलाने निर्माते ली मेंडेलसन यांना विचारलं, 'पीनट्स' या चित्रपट्टीवर ख्रिसमसचं काही होईल का? होईल, असं आधी सांगून टाकलं आणि मग चार्ल्स शुल्झ यांच्यासोबत घाईघाईने आराखडा केला. हातात महिने सहा. शुल्झ यांच्या अटी कडक. प्रेक्षकांच्या हसण्याचा टेप वाजवायचा नाही. आवाज मोठ्यांनी मुलांचे काढायचे नाहीत, खरी मुलं घ्यायची. चार्लीच्या बहिणीचा आवाज देणारी मुलगी इतकी लहान होती, की तिला वाचता येत नव्हतं. तिला एकेक तुकडा सांगायचा, तो तिने म्हणायचा. नीट ऐकलंत तर ते तुटक बोलणं आजही कानाला जाणवतं आणि भारी गोड वाटतं. संगीत विन्स ग्वाराल्डी या जॅझ पियानोवाल्याचं. मेंडेलसन गोल्डन गेट ब्रिजवरून टॅक्सीने जात असताना रेडिओवर त्याची धून लागली आणि माणूस सापडला. मुलांच्या कार्टूनला जॅझ! आज ऐका, अर्ध्याहून जास्त जादू त्या पियानोचीच आहे.

तयार झाल्यावर सीबीएसच्या साहेबलोकांनी बघितलं आणि चेहरे पडले. फार संथ आहे, जॅझ शोभत नाही, आणि वर एक पोरगं मधोमध उभं राहून बायबलमधला उतारा म्हणतं! खुद्द मेंडेलसन आणि दिग्दर्शक बिल मेलेंडेझ यांना वाटलं, आपण चार्ली ब्राऊनची वाट लावली. पण तारीख छापून गेली होती, दाखवणं भाग होतं. त्याला पुढे एमी मिळालं, पीबॉडी पुरस्कारही मिळाला.

गोष्ट म्हणाल तर एवढीशी. चार्लीला नाटकासाठी झाड आणायला पाठवतात. बाजारात चकाकणारी, गुलाबी-निळी अ‍ॅल्युमिनियमची झाडं उभी असतात, त्या काळी ती फॅशनच होती. हा उचलतो एक काडीपैलवान खरं झाड, दोन-चार फांद्यांचं. सगळे त्याला हसतात. तो ते घरी नेऊन त्यावर एक गोळा अडकवतो, तर झाड वाकतं ते वाकतंच. मी याचा जीव घेतला, असं वाटून बिचारा निघून जातो. मग मागून तीच पोरं येतात, झाडाला आधार देतात, आपली पांघरायची चादर त्याच्या बुंध्याला गुंडाळतात. ते झाड कुठल्याही धुक्यातून कोणाची गाडी बाहेर काढत नाही. नुसतं उभं राहतं.

एक बारीक जागा बघाच. लायनस हा मुलगा चादरीशिवाय कधी दिसत नाही, ती सोडायला तो कोणाचं ऐकत नाही. पण स्टेजवर उतारा म्हणताना 'घाबरू नका' अशा अर्थाच्या शब्दांशी तो येतो आणि चादर त्याच्या हातून सुटते. कोणी काही बोलत नाही, कॅमेरा तिकडे वळत नाही. वाक्य संपतं, तो चादर उचलतो आणि खाली उतरतो. श्रद्धा असो-नसो, भीती दोन मिनिटं हातातून गळून पडली आणि मग आपण ती पुन्हा उचलली, हे कोणाला कळणार नाही?

ग्रिंचबद्दल थोडक्यात. डॉ. सूस यांचं पुस्तक १९५७ चं, त्यावरून चक जोन्सने १९६६ मध्ये स्पेशल केला आणि ग्रिंचला हिरवा रंगही त्यानेच दिला. आवाज बोरिस कार्लॉफचा, म्हणजे सिनेमातल्या फ्रँकेन्स्टाईनच्या राक्षसाचा! सूस यांना ख्रिसमसनंतरच्या सकाळी दात घासताना आरशात एक आंबट चेहरा दिसला आणि त्यातून ही गोष्ट आली, असं ते सांगायचे. गोष्टीतला ग्रिंच म्हणतो, हा गोंगाट मी त्रेपन्न वर्षं सोसला. पुस्तक आलं तेव्हा सूसही त्रेपन्न वर्षांचेच होते. सणाच्या आवाजाने डोकं उठणारा माणूस खलनायक असतोच असं नाही, कधी कधी तो दात घासत असलेले आपणच असतो.

आणि ब्रिटनचा 'द स्नोमॅन', २६ डिसेंबर १९८२ ला चॅनेल फोरवर आलेला. गाणं सोडलं तर जवळपास एकही शब्द नाही, रंगीत खडूंची चित्रं. बर्फाचा माणूस मुलाला घेऊन रात्रभर उडतो, आणि सकाळी मुलगा धावत बाहेर येतो तेव्हा अंगणात नुसती टोपी आणि वितळलेला ढीग. संपलं. फ्रॉस्टीला निदान सँटा परत उभा करतो, इथे तेही नाही. मूळ पुस्तकाचे लेखक रेमंड ब्रिग्ज म्हणत, की मी मुद्दाम गोड शेवट करत नाही, बर्फाचा माणूस वितळतो, माझे आई-वडील गेले, प्राणी मरतात, तसंच हे. ब्रिटनमध्ये दर ख्रिसमसला घरोघरी हे बघतात, आणि रडून मग जेवायला बसतात.

थंडी वाजली की आठवण येते

नॉस्टॅल्जिया हा शब्द आला आजाराचं नाव म्हणून. १६८८ मध्ये योहानेस होफर या डॉक्टरकीच्या विद्यार्थ्याने तो बनवला, घरापासून दूर गेलेल्या स्विस लोकांच्या झुरण्यासाठी. आज त्याकडे उलट बाजूने बघतात. कॉन्स्टंटाईन सेडिकिडीस, टिम वाइल्डशुट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये दाखवलं, की एकटेपणा वाढला की माणूस जुन्या आठवणींकडे वळतो आणि त्या आठवणींमुळे त्याला आपल्यामागे कोणीतरी आहे असं वाटायला लागतं. त्यांच्या अभ्यासातली काही मुलं चीनमध्ये गाव सोडून शहरात आलेली होती. २०१२ च्या दुसऱ्या एका अभ्यासात तर गार खोलीत बसवलेल्या लोकांना जास्त आठवणी आल्या, आणि जुनं काही आठवत बसलेल्यांना खोली जराशी ऊबदार वाटली!

पण नुसतं जुनं बघून भागत असतं, तर कुठलंही जुनं कार्टून चाललं असतं. टॉम अँड जेरी बघून मूड बनतो, जीव भांड्यात पडत नाही. या स्पेशल्समध्ये आधी कोणीतरी आपल्याइतकंच उदास असतं. कोणी त्याला 'चिल मार' म्हणत नाही, म्हटलं तरी तो ऐकत नाही. त्याला त्याचा वेळ मिळतो. आणि बावीस-पंचवीस मिनिटांनी ते संपतं. पुढचा एपिसोड आपोआप सुरू होत नाही, रात्रीचे दोन वाजत नाहीत. आणि शेवट तर पाठ असतो, त्यामुळे धास्तीही नाही.

हे वर्षातून एकदा येण्याचं महत्त्व मराठी माणसाला कोणी शिकवायला नको. १९०९ मध्ये 'मनोरंजन'चा दिवाळी अंक निघाला तेव्हापासून आपण दर वर्षी फराळासोबत वाचायला काहीतरी वेगळं शोधतोय. तोच मजकूर मार्चमध्ये वाचा, चव जमत नाही.

गडबड झाली ती स्ट्रीमिंगने. २०२० मध्ये चार्ली ब्राऊनचे हक्क अ‍ॅपलच्या स्ट्रीमिंग सेवेने घेतले आणि यंदा टीव्हीवर दिसणार नाही म्हटल्यावर अमेरिकेत लोक चिडले. सह्यांच्या मोहिमा झाल्या. मग २०२० आणि २०२१ मध्ये पीबीएस या सार्वजनिक वाहिनीवर एकेक संध्याकाळ मिळाली, पुढे तीही गेली. आता अ‍ॅपलवर तो बाराही महिने पडून असतो. रुडॉल्फ मात्र पन्नासहून जास्त वर्षं सीबीएसवर काढून २०२४ मध्ये आपल्या मूळ घरी, एनबीसीवर परतला. ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी, जाहिरातींसकट.

बाराही महिने मिळणारी गोष्ट आपण 'वॉचलिस्ट'मध्ये टाकतो आणि विसरतो. त्यावर एडिसनच्या मैत्रिणीने तिच्यापुरता एक तोडगा काढलाय. डिसेंबरचा दुसरा शनिवार, तिच्याकडे रात्रीचे आठ. डोंबिवलीत तेव्हा रविवारची सकाळ, साडेसहा. तिचा भाऊ डोळे चोळत लॅपटॉप उघडतो, व्हिडिओ कॉल लागतो, एक-दोन-तीन म्हणून दोघं एकदम प्ले दाबतात. मध्ये थांबवायचं नाही, फॉरवर्ड करायचं नाही, आणि वर्षात पुन्हा बघायचं नाही. गेल्या वेळी आई चहाचा कप ठेवायला आली आणि पडद्याकडे बघत भावाच्या मागे उभीच राहिली.

"अगं, एवढं मरतुकडं झाड का आणलंय त्याने?"

"तू बस गं आई. बघ पुढे."

आई बसली.